धार आणि घेर

सह्याद्रीच्या पोटातून लोहमार्ग वर नेण्याचे काम खंडाळ्याच्या घाटात १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली तडीस गेले. जवळजवळ १६ मैल लांबीच्या त्या चढणीत १,८३१ फुटांची उंची गाठावी लागली आणि २५ बोगदे खोदावे लागले. १८६१ च्या सुमारास तर ४२,००० माणसे त्या एका घाटावर राबत होती. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले यांचे नाव, तसेच मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली मरण पावल्यावर त्यांचा मक्ता नेटाने पुढे चालविणाऱ्या त्यांच्या पत्नी अॅलिस ट्रेडवेल यांचे नाव इतिहासाच्या दप्तरात दाखल आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या पोलादी टोकांनी तो काळा पाषाण वीत-वीत मागे सारला, ती टोके किती झिजली, केव्हा बदलावीत आणि नवे टोक जुन्या भोकात उतरेल की नाही, याचा निर्णय ज्यांच्या कानावर व हातावर सोपविलेला होता, त्या माणसांचा उल्लेख कोणत्याही शिलालेखात सापडावयाचा नाही.

हा निर्णय वाटतो तितका सोपा नव्हे. नांगराचा फाळ झिजला तर तो रोज संध्याकाळी धन्याच्या नजरेसमोर येतो. भूमीत शिरणारे हत्यार मात्र जेथे झिजते तेथे मनुष्याची दृष्टी पोहोचतच नाही. म्हणून वेधनाच्या व्यवसायाचा इतिहास हा एका अर्थी अनुमानाचा इतिहास आहे. हत्यार बाहेर न काढता त्याची अवस्था कशी ओळखावी, हा त्यातील पहिला प्रश्न; आणि ओळखताना त्याची धार पाहावी की घेर पाहावा, हा दुसरा. पहिला प्रश्न सर्वांना सुचतो. दुसऱ्याचे महत्त्व मात्र ज्याचे हत्यार एकदा भोकात अडकून बसले त्यालाच कळते.

घाटातले काम चालले त्या काळी डायनामाइट अस्तित्वात नव्हते, आणि दाबलेल्या हवेवर चालणारी वेधनयंत्रे आल्प्समधल्या माँ सनीच्या बोगद्यात १८६१ साली नुकतीच कामाला लागली होती. आपल्याकडे सारा कारभार पहार, घण आणि काळी दारू यांवरच चालला; जेथे उभे राहण्यापुरतीही जागा नव्हती तेथे माणसांना दोरांनी कड्यावरून खाली सोडून सुरुंगाची पहिली भोके पाडून घेतली गेली. भोक पाडण्याची रीत जगात सर्वत्र जवळजवळ एकच होती, आणि विहिरीचे काम करणाऱ्या आपल्या वडार मंडळींकडे ती अगदी परवापरवापर्यंत टिकून होती. एक जण पहार धरून बसतो, दुसरा घण घालतो, आणि प्रत्येक घावानंतर धरणारा पहार किंचित फिरवितो. हे फिरविणे चुकले तर भोक वर्तुळाकार न राहता त्रिकोणी होऊ लागते आणि पहार त्यात आवळली जाते. भोकात थोडे थोडे पाणी ओततात, तोंडाशी चिंधीचे वेटोळे ठेवतात म्हणजे चिखल डोळ्यांत उडत नाही, आणि साचलेला गाळ लांब दांड्याच्या लोखंडी पळीने उपसून काढतात.

तो गाळ हेच झीज ओळखण्याचे पहिले साधन. पहारीला धार असेल तर तिच्या घावाने खडकाचे बारीक कपचे उडतात, आणि गाळ दोन बोटांत चोळला असता खडबडीत लागतो. धार गेली की पोलाद खडकाला फोडत नाही, नुसते रगडते, आणि पळीतून पिठासारखी मऊ राड वर येते. दुसरे साधन घणाचा नाद. तीक्ष्ण पहार खणखणीत बोलते आणि बोथट पहार घाव परत हातावर फेकते, त्यामुळे धरणाऱ्याच्या मनगटाला झीज समजण्यास मुकादमाच्या हुकमाची गरज पडत नसे. मग पहार लोहाराकडे जाई. भात्यापुढे तापवून, ऐरणीवर ठोकून तो ती शेवटून देई, आणि पाणी देताना तिच्या अंगावर सरकत जाणारे रंग पाहत बसे. गवती पिवळ्या रंगावर ती विझविली तर धार कडक पण ठिसूळ राही. निळ्या रंगापर्यंत थांबले तर ती चिवट पण मऊ होई. खडक कोणता आहे हे जाणून रंग निवडणारा लोहार हा त्या कामावरचा खरा धातुशास्त्रज्ञ होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता घेराविषयी. पहारीचे टोक झिजते म्हणजे केवळ बोथट होते असे नव्हे. तिचे दोन्ही कोपरे, जे भोकाच्या भिंतीला घासत असतात, ते सर्वांत आधी गोल होतात. कोपरे गेले की भोक खाली खाली निमुळते होत जाते. वर दोन इंच असलेले भोक तळाशी पावणेदोनच भरते. आणि मग त्यात नवी, पूर्ण मापाची, उत्तम पाणी दिलेली पहार सोडली की ती तळाला न पोहोचता मध्येच पाचरीसारखी रुतून बसते. म्हणजे नुकसान जुन्या हत्याराने केलेले असते आणि भरपाई नवे हत्यार करते. यावर उपाय म्हणून लोहार पहारींचा संचच बनवीत असे. पहिली आखूड आणि रुंद, पुढची लांब पण किंचित अरुंद, तिच्यापुढची आणखी लांब, आणखी अरुंद. झीज होणारच हे गृहीत धरून आधीच तिची वजावट करून ठेवण्याची ही युक्ती मला त्या साऱ्या धंद्यातील सर्वांत शहाणपणाची वाटते.

चीनच्या सिचुआन प्रांतातील झिगोंग येथील मिठागरांत हीच विद्या खोलीच्या पराकोटीला गेली. तेथे जमिनीखालचे खारे पाणी काढण्यासाठी अकराव्या शतकापासून अरुंद विहिरी वेधीत असत, आणि १८३५ साली शेनहाई नावाची विहीर १,००१ मीटर खोल उतरली. लोखंडी वेधनी बांबूच्या पट्ट्यांच्या दोरखंडाला बांधून, लाकडी तरफेवर माणसांनी उड्या मारून ती उचलायची आणि सोडायची, एवढेच ते यंत्र. हजार मीटर खाली काय चालले आहे याची वार्ता वर आणणारा दूत म्हणजे तो दोरखंडच. त्याच्या कंपावर हात ठेवून कारागीर घाव कोरडा पडला की भरीव, हे ओळखीत. तुटलेली, अडकलेली हत्यारे वर काढण्यासाठी त्यांनी आकड्यांचे आणि चिमट्यांचे जे नाना प्रकार शोधून काढले, ते पाहता झीज वेळीच न ओळखल्याची किंमत त्यांनी वारंवार मोजली असली पाहिजे, असा तर्क करता येतो.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक यांनी १८५९ च्या ऑगस्टमध्ये ६९ फूट ६ इंचांवर तेल काढले, त्या कामावर त्यांनी नेमलेला मुख्य कारागीर विल्यम स्मिथ हा पेशाने लोहार होता आणि मिठाच्या विहिरींची हत्यारे घडविण्यात त्याची उमर गेली होती. हा योगायोग नव्हे. त्यानंतरची निदान पन्नास वर्षे तेलविहिरीच्या प्रत्येक मनोऱ्याखाली दोन माणसे जोडीने काम करीत: एक वेधक, जो दोरावर हात ठेवून बसे, आणि दुसरा हत्यारे नीट करणारा, ज्याची भट्टी मनोऱ्याच्या पायथ्याशीच धगधगत असे. त्यांच्या कामातील एक क्षण जरा जवळून पाहण्याजोगा आहे. वेधनी वर येते. तिच्या टोकावर लोहार एक लोखंडी कडे चढवून पाहतो. हे कडे म्हणजे विहिरीच्या ठरलेल्या व्यासाचे प्रमाण. ते टोकावर नेमके बसले तर हत्यार मापात आहे. सैल होऊन खळखळले तर कोपरे झिजले. मग ते शेकडो पौंड वजनाचे टोक भट्टीत लालबुंद करायचे, दोघांनी समोरासमोर उभे राहून घणांनी त्याचे कोपरे बाहेर काढायचे, आणि कडे पुन्हा घट्ट बसेपर्यंत थांबायचे नाही. डोळ्यांचा अंदाज, कानाची साक्ष, हाताचा अनुभव यांना तेथे मान होताच. पण निकाल कड्याचा.

विसाव्या शतकाच्या आरंभी हत्यारच बदलले. हॉवर्ड ह्यूज यांनी १९०९ साली दात्यांचे फिरते शंकू असलेल्या वेधनीचे एकस्व मिळविले, आणि टेक्सासमधील गूस क्रीक येथे तिने ११ तासांत १४ फूट कठीण खडक कापला, जेथे जुन्या पात्यांनी हात टेकले होते. परंतु या प्रगतीने परीक्षकाचे काम सोपे न करता बिकट केले. पूर्वी झिजण्यासारखे एकच अंग होते. आता दाते झिजू लागले, शंकू ज्यांवर फिरतात ते बेअरिंग झिजू लागले, आणि बाहेरचा घेर तर पूर्वीप्रमाणे झिजतच होता. शिवाय दोर गेला आणि त्याच्या जागी लोखंडी नळ्यांची लांबच लांब माळ आली, तिच्यातून खालचा संदेश पुसटच वर येई. हत्यार तपासायचे तर सारी माळ एकेक नळी सुटी करून वर काढावी लागे, आणि खोल विहिरीत त्यात प्रहरच्या प्रहर जात. लवकर काढले तर अर्धे आयुष्य शिल्लक असलेले हत्यार फुकट गेले. उशीर केला तर बेअरिंग मोडून शंकू तळाशी गळून पडला, आणि त्याला उचलण्यात आठवडा गेला. या दोहोंमधला नेमका क्षण पकडणे, हेच वेधकाचे कसब ठरले.

त्या कसबाला दप्तरी रूप यावयास १९६१ साल उजाडले. अमेरिकेतील तेलविहिरींच्या मक्तेदारांच्या संघटनेने झिजलेल्या वेधनीवर मारावयाच्या शेऱ्याची एक पद्धत ठरवून दिली. दात्यांची झीज अष्टमांशांत मोजायची: नवा दाता शून्य, अर्धा गेला तर चार, संपूर्ण गेला तर आठ. बेअरिंगचेही तसेच आठ भाग. घेर मात्र वेगळा लिहायचा, आहे की गेला, आणि गेला असल्यास किती. सोळा आण्यांच्या हिशेबात वाढलेल्या आपल्या वाडवडिलांना हे अष्टमांश विनासायास समजले असते. १९८७ साली ही पद्धत सुधारून आठ रकान्यांची झाली, आणि हत्यार का बाहेर काढले याचे कारणही त्यात दाखल होऊ लागले. एवढे खरे की ही सारी चिकित्सा मरणोत्तर असते. या हत्याराचा शेरा पुढच्या हत्याराच्या कामी येतो.

दरम्यान पोलादाची सद्दी संपत आली होती. जर्मनीतील क्रुप कारखान्याने १९२०-३० च्या दशकात टंगस्टन कार्बाइडची हत्यारे बाजारात आणली, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास स्वीडनमध्ये ती खडकाच्या वेधनाला जुंपली गेली, आणि १९५० नंतर भोकाच्या तळाशीच घाव घालणारा हवेचा हातोडा आला. हे यंत्र महाराष्ट्राच्या वाट्याला आले ते अवर्षणामुळे. युनिसेफने १९६७ साली अशा हातोड्यांची यंत्रे भारतात आणली. १९७२ च्या दुष्काळाने विंधन विहीर हा शब्द खेड्याखेड्यांत पोहोचविला. राज्याच्या भूमीचे पाच हिस्से केले तर चार हिस्से काळ्या बेसाल्टचे, तेव्हा येथे याच हत्याराची चलती होणे क्रमप्राप्त होते.

बेसाल्टचा स्वभाव मोठा फसवा आहे. ग्रॅनाइटमध्ये गारेचे कण असतात आणि ते हत्यार वेगाने खातात. बेसाल्टमध्ये ते सहसा नसतात, म्हणून बिटाची, म्हणजे हातोड्याच्या टोकावरील वेधनीची, कार्बाइडची बटने दिसावयास दीर्घकाळ गुळगुळीत राहतात. पण त्याच गुळगुळीत पृष्ठभागावर लक्षपूर्वक पाहिले असता सापाच्या कातीसारखी बारीक तड्यांची जाळी दिसते. बटन झिजलेले नसते, थकलेले असते. आणि जाळी घासून काढली नाही तर ते एखाद्या घावाला अकस्मात फुटते. उलट, खडकातल्या पोकळ्यांत गार किंवा अकीक भरलेला थर लागला की बाहेरच्या रांगेतली बटने झपाट्याने सपाट होतात. सपाटीची रुंदी बटनाच्या व्यासाच्या एक-तृतीयांशापर्यंत आली की त्याला पुन्हा गोलाई द्यावी, हा या धंद्यातला सर्वमान्य दंडक आहे. अनुभवी बोअरवाला एकाच विहिरीत जुने बिट काढून कोरे बिट घालण्यास राजी नसतो. कोरे बिट पुढच्या विहिरीच्या तोंडाशी लावावे, ही त्याची रीत घाटातल्या लोहाराच्या पहारींच्या संचाइतकीच पक्की आहे.

आता मोठ्या यंत्रांत झीज ओळखण्यासाठी नवी साधने आली आहेत. भुयार खोदणाऱ्या यंत्रांच्या काही दात्यांत तेलाची बारीक नळी ठेवलेली असते. दाता ठरलेल्या रेषेपर्यंत झिजला की नळी उघडी पडते, तेलाचा दाब उतरतो आणि चालकापुढचा काटा खाली येतो. मुंबईच्या भुयारी मेट्रोसाठी अशी १७ अजस्र यंत्रे याच बेसाल्टमधून गेली. तरीही खडक कापणाऱ्या पोलादी चकत्यांची अखेरची तपासणी यंत्र थांबवून, माणसाने पात्यापाशी जाऊन, हातात मापपट्टी घेऊनच होते.

शेतकऱ्याच्या बोअरला मात्र असा काटा नाही. तेथे दर फुटावर ठरतो, पावती फुटांची मिळते, आणि सहा इंचांचा करार तळाशी सहा इंच भरला की नाही, हे क्वचितच कोणी पाहतो. पुढे पंप उतरेना झाला म्हणजे शोध सुरू होतो, तोवर यंत्राची गाडी दुसऱ्या तालुक्यात गेलेली असते. ज्या वाचकांना यंदा आपल्या रानात विंधन विहीर घ्यावयाची असेल, त्यांनी बिट भोकात उतरण्यापूर्वी आणि शेवटचा रॉड वर आल्यावर, असा दोन वेळा त्याचा व्यास स्वतः मोजावा, आणि दोन्ही आकडे पावतीवर लिहून घेतल्याशिवाय पैसे चुकते करू नयेत.