छायाचित्रणाची शाळा आणि चुकीचे मोल

कोणतीही कला हाती बसण्यापूर्वी शिकणाऱ्याच्या हातून बराच माल वाया जातो. नवशिक्या कुंभाराची माती बिघडते, नवशिक्या सुताराचे लाकूड बिघडते. परंतु माती पुन्हा मळता येते आणि लाकडाचा तुकडा दुसऱ्या कामी लावता येतो. छायाचित्रण शिकणाऱ्याला अशी सवलत पुष्कळ काळ फारशी मिळाली नाही. त्याची चूक चांदीच्या क्षारांत उमटे आणि तिची किंमत रोख मोजावी लागे. डिजिटल कॅमेऱ्याने ही किंमत जवळजवळ शून्यावर आणली आहे. मग छायाचित्रण शिकणेही तितकेच सोपे झाले आहे काय? या प्रश्नाचे उत्तर या कलेच्या इतिहासाकडे पाहिल्याशिवाय मिळत नाही.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर यांची पद्धत जाहीर झाली, तेव्हापासून छायाचित्रणाचा प्रसार सुरू झाला. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज कलावंताने ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली. या पद्धतीत काचेवर कलोडियनचा चिकट थर पसरायचा, ती रौप्य क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे. नंतर ती लगेच अंधारात नेऊन धुवायची. थर वाळण्यापूर्वी, म्हणजे काही मिनिटांतच, सारे उरकावे लागे. साहजिकच प्रवासी छायाचित्रकाराला आपल्याबरोबर काळा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी बाळगावे लागे. हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात तर थर अधिकच लवकर वाळे. तथापि या कष्टांत शिकणाऱ्याचा एक मोठा लाभ दडलेला होता. आपले कोठे चुकले, हे त्याला तिथल्या तिथे, ते दृश्य डोळ्यांसमोर असतानाच कळे. चूक महाग होती, पण ती उधारीवर राहत नसे.

या विद्येचे पाऊल आपल्याकडे लवकर पडले. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकी होते. पुढच्याच वर्षी, १८५५ साली, एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. युरोपातही ही कला बाल्यावस्थेत असताना मुंबईतील तरुण वर्गात बसून ती शिकत होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

परंतु वर्गाबाहेर शिकलेल्यांचा इतिहास अधिक बोधक आहे. मीरतजवळच्या सरधना येथे १८४४ साली जन्मलेले लाला दीनदयाळ रुडकीच्या महाविद्यालयात स्थापत्य शिकले आणि १८६६ साली इंदुरास सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस लागले. त्यांचे काम खर्चाचे अंदाज बांधण्याचे आणि नकाशे काढण्याचे. वयाच्या तिशीत, १८७४ च्या सुमारास, नोकरी सांभाळून त्यांनी कॅमेरा हाती धरला. नकाशा काढणाऱ्याचा डोळा त्यांच्यापाशी आधीच होता. इमारतीची कोणती बाजू पुढे येते आणि सावली कोठे पडते हे ते जाणत होते. शिकायची होती ती रसायने आणि प्रकाशाचे माप. १८८२ साली सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी मध्य हिंदुस्थानातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेतली, आणि १८८६ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना आपले दरबारी छायाचित्रकार नेमले. इंदुरातील एक हौशी कारकून राजा दीनदयाळ म्हणून हैदराबादेत कीर्तीस चढला.

दुसरे उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर ते वडोद्याच्या कलाभवनात आले. महाराज सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने निघालेल्या या संस्थेत छायाचित्रणाची साधने त्यांच्या हाती आली. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्यासमोर कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून अधिक काळ, थोडीथोडी चित्रे टिपत, अंकुराची वाढ फितीवर उतरवली. पडद्यावर ते रोप पाहता पाहता वाढताना दिसे. या लहानशा चित्रपटामुळेच ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळवणे त्यांना शक्य झाले. त्या रोज टिपलेल्या चित्रांत हौसेपेक्षा हिशेब अधिक होता.

मधल्या काळात मात्र शिकण्याची रीत पालटली होती. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि काळ्या तंबूची गरज हळूहळू सरली. १८८८ साली जॉर्ज ईस्टमन यांचा कोडक कॅमेरा बाजारात आला. त्यात शंभर चित्रांची फीत भरलेली असे. ती संपली की कॅमेराच कारखान्याकडे धाडायचा आणि छापलेली चित्रे परत घ्यायची. चूक स्वस्त झाली, परंतु ती दिसण्यास उशीर होऊ लागला. चित्रे हाती येईपर्यंत त्या दिवशी ऊन कसे होते, कोणते माप लावले होते, याचा विसर पडे. शिवाय छापणारा कारागीर पुष्कळशी उणीव आपल्या कौशल्याने झाकून टाकी. म्हणून जे निष्ठेने शिकत, ते खिशात वही बाळगीत आणि प्रत्येक चित्राचे छिद्रमान, वेळ आणि हवामान टिपून ठेवीत.

डिजिटल कॅमेऱ्याने हे दोन्ही दोष एकदम दूर केले. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या प्रकाशग्राही साधनाची कल्पना मांडली. त्याबद्दल २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९७५ साली कोडकमधील तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन याने याच जातीचे साधन वापरून पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचे चित्र अवघ्या दहा हजार बिंदूंचे होते आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आज खिशातला फोन कोट्यवधी बिंदूंचे चित्र क्षणात दाखवतो. चूक स्वस्तही झाली आणि तत्काळ दिसूही लागली. असा दुहेरी लाभ यापूर्वी कोणत्याच पिढीतील विद्यार्थ्याला मिळाला नव्हता.

आणखी एक देणगी आहे, तिच्याकडे नवशिक्यांचे लक्ष क्वचितच जाते. १९९५ पासून रूढ झालेल्या एक्झिफ या पद्धतीने कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर त्याची वेळ, छिद्रमान, प्रकाशाचा अवधी आणि संवेदनक्षमता आपणहून नोंदवतो. जुन्या विद्यार्थ्याची वही आता कॅमेराच लिहितो. परंतु बिघडलेले चित्र दिसताच पुसून टाकण्याची सवय लागली, की चित्राबरोबर वहीचे पानही फाटते. चूक फुकट झाली, आणि म्हणूनच तिच्याकडे पाहण्याची गरज वाटेनाशी झाली.

एक साधे उदाहरण पाहावे. कॅमेऱ्याचे मापक समोरचे दृश्य मध्यम उजेडाचे आहे असे धरून चालते. त्यामुळे चुना दिलेली देवळाची भिंत चित्रात करडी होते आणि काळी म्हैसही करडीच होते. पहिल्या ठिकाणी मापकाने सुचवल्यापेक्षा प्रकाश वाढवावा लागतो, दुसऱ्या ठिकाणी कमी करावा लागतो. मात्र वाढवतानाही मर्यादा राखावी लागते, कारण पांढऱ्या भागाचा तपशील एकदा पूर्ण उडाला की डिजिटल चित्रात तो परत आणता येत नाही. ही दोन करडी चित्रे शेजारी ठेवून त्यांच्या नोंदी वाचणाऱ्यास हा नियम एका संध्याकाळी उमगतो. ती पुसून पुन्हा दहा चित्रे घेणाऱ्यास कदाचित अकरावे बरे साधेल, पण ते का साधले हे त्याला सांगता येणार नाही.

दीनदयाळांच्या हजारो काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेल्या आहेत. त्यांपैकी प्रत्येक काच घेण्यापूर्वी उजेडाचा विचार करावाच लागे, कारण त्यावाचून गत्यंतर नव्हते. आजच्या विद्यार्थ्यावर ती सक्ती उरलेली नाही. तो विचार त्याला आपल्या खुशीने करावा लागतो, आणि नव्या साधनाने शिकण्यातील खरी अडचण हीच आहे.