गहूविरहित पिठे (मंचर-जुन्नर परिसर)

गहू, जव आणि राय या धान्यांत असलेला ग्लूटेन हा प्रथिनांचा गट ज्यांना सोसत नाही, त्यांच्या आहारात गव्हाच्या कणकेची जागा घेणारी तृणधान्ये, डाळी, बिया आणि फळे यांची पिठे म्हणजे गहूविरहित पिठे. पुणे-नाशिक रस्त्यावरील मंचर आणि त्याभोवतीचे आंबेगाव व जुन्नर हे तालुके यांच्यापुरते पाहिले, तर ही पिठे बाहेरून आणावी लागत नाहीत. भाकरी रोजची आणि पोळी सणावाराची हीच येथील जुनी रीत होती, आणि धरणांचे पाणी व रेशनचा गहू आल्यानंतर पोळी हळूहळू रोजच्या ताटात आली. त्यामुळे या भागात धान्य कोणते निवडावे, हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. ते दळावे कोठे आणि कशावर, हा मात्र खरा अवघड प्रश्न आहे.

कणकेत पाणी घालून ती मळली की ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने एकमेकांत गुंतून जे लवचीक जाळे तयार होते त्याला ग्लूटेन म्हणतात. पोळी लाटताना न फाटता ताणली जाते आणि पाव फुगतो तो याच जाळ्यामुळे. सिलिअ‍ॅक या विकारात ग्लूटेन पोटात गेल्यावर शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते, अन्नरस शोषणारे अंकुर झिजतात, आणि जुलाब, पोटफुगी, रक्तक्षय, मुलांची खुंटलेली वाढ अशी लक्षणे दिसू लागतात. या विकाराचा गव्हाशी असलेला संबंध विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने १९५० च्या आपल्या प्रबंधात मांडला. भारतात हा विकार गहू मुख्य अन्न असलेल्या उत्तरेकडे अधिक आणि दक्षिणेकडे बराच कमी आढळतो. गव्हाची अ‍ॅलर्जी हा वेगळा विकार असून, या दोन्हींपैकी काहीही नसताना गहू खाल्ल्याने त्रास होणारा तिसरा गटही वैद्यक मानते. मात्र रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी होण्यापूर्वीच गहू सोडला, तर विकार असूनही तपासणीत तो दिसत नाही; म्हणून संशय आल्यास आधी तपासणी आणि मग पथ्य, हा क्रम मोडता येत नाही.

दोन्ही तालुक्यांचा पूर्वभाग कमी पावसाचा असून तेथील खरिपाचे धान्य बाजरी आणि रब्बीचे धान्य ज्वारी, म्हणजेच शाळू, हे आहे. दोन्हींमध्ये ग्लूटेन नसते, आणि प्रथिने शंभर ग्रॅमला १० ते ११ ग्रॅम, म्हणजे जवळपास कणकेइतकीच असतात. बाजरीत लोह ज्वारीपेक्षा अधिक, शंभर ग्रॅमला सुमारे ६ मिलिग्रॅम, असते. परंतु तिच्यातील स्निग्धांश ५ टक्क्यांच्या आसपास असल्याने दळल्यानंतर तो लवकर खवट होतो आणि पीठ कडवट लागते. म्हणून बाजरीचे दळण आठ दिवसांपुरतेच ठेवण्याची घरोघरची पद्धत शास्त्रालाही धरून आहे. या पिठांना बांधून ठेवणारा गुण ग्लूटेनचा नसून पिष्टाचा असतो, आणि त्यालाच बायका विरी म्हणतात. ताज्या पिठाला विरी असते, जुन्या पिठाची विरी जाते आणि थापताना भाकरीला कडेने चिरा पडतात. अशा वेळी परातीतल्या पिठात आधणाचे पाणी घालतात, ज्यामुळे पिष्टाचा काही भाग शिजून चिकट होतो आणि भाकरी पुन्हा थापता येते. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवतात, तो पृष्ठभाग सुकून फुटू नये म्हणून. बाहेरच्या ग्लूटेनविरहित पावांत हेच बांधण्याचे काम इसबगोल किंवा निरनिराळ्या डिंकांकडून करून घेतले जाते. भाकरीला त्यांची गरज पडत नाही.

पश्चिमेकडे, भीमाशंकर आणि नाणेघाटाच्या बाजूस, पाऊस मुसळधार आणि जमीन उताराची असल्याने महादेव कोळी समाजाच्या गावांत भात, नाचणी आणि वरई ही पिके घेतली जातात. नाचणीत प्रथिने कमी, सुमारे ७ टक्के, असली तरी शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, जे कोणत्याही नेहमीच्या तृणधान्यापेक्षा कितीतरी पट अधिक आहे. आणि आतड्याच्या विकाराने कॅल्शियमचे शोषण बिघडलेल्या रुग्णाला या एका कारणासाठीही नाचणी जवळ करावीशी वाटावी. तिची भाकरी उकड काढून केली तर मऊ राहते. तांदळाच्या पिठीची उकड मोदकांना आणि भाकरीला चालते, घावनाला तर उकडीचीही गरज नसते, परंतु नुसत्या तांदळावर दिवस काढणारे पथ्य पोषणाच्या दृष्टीने दुबळे ठरते.

उपवासाला गहू चालत नसल्यामुळे राजगिरा, शिंगाडा, भगर (म्हणजे वरईचेच तांदूळ) आणि साबुदाणा असे ग्लूटेन नसलेले सगळे सामान मराठी घरात आधीपासूनच असते. आषाढी एकादशीचा फराळ सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला बहुतेक निर्धास्तपणे खाता येतो, ही गोष्ट पथ्याच्या छापील कागदांवर क्वचितच लिहिलेली असते. यांपैकी राजगिरा प्रथिनांच्या बाबतीत सरस आहे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असून मधुमेह असलेल्याने तो ग्लूटेनविरहित आहे म्हणून पोटभर खाणे चुकीचे ठरेल.

या परिसराचा नावाजलेला पदार्थ म्हणजे मासवडी. उकळत्या पाण्यात हरभऱ्याच्या डाळीचे पीठ घाटून ते ओल्या फडक्यावर थापतात, त्यावर तीळ, सुके खोबरे, कांदा, लसूण यांचे भाजलेले सारण पसरून गुंडाळी करतात आणि तिच्या वड्या कापून झणझणीत रस्सा व बाजरीच्या भाकरीबरोबर वाढतात. या ताटात गव्हाचा कणही असायचे कारण नाही, तरी तो हिंगातून येऊ शकतो; कारण बाजारातील बांधणीच्या हिंगात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो. मेतकूट आणि सातूचे पीठ यांत गहू परंपरेनेच असतो, थालीपिठाच्या भाजणीत अनेक घरी असतो, आणि रवा, लापशी, शेवया हे तर गव्हाचेच प्रकार आहेत. खपली गहू पचायला हलका म्हणून जो सांगितला जातो, तोही गहूच असून सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला तितकाच वर्ज्य आहे.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार ग्लूटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन असता कामा नये. कणकेत ग्लूटेन साधारण १० टक्के धरले, तर एक किलो ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम कणीक मिसळली तरी ही मर्यादा ओलांडली जाते, आणि पाव ग्रॅम म्हणजे चिमूटभरही नव्हे. गावच्या गिरणीत मात्र एकाचे दळण संपले की दुसऱ्याचे सुरू होते, आणि आधीच्या धान्याचे पीठ दगडांमध्ये, गिरणीच्या पोटात आणि पीठ पडण्याच्या कापडी नळीत मागे राहते. हे गृहिणींना ठाऊक असतेच, म्हणून त्या गिरणीवाल्याला बाजरी ज्वारीवर दळायला किंवा तांदूळ गव्हावर न दळायला सांगतात. परंतु तो आग्रह चवीचा आणि रंगाचा असतो, आणि किलोभर तांदूळ आधी दळून टाकल्याने चव सांभाळली गेली तरी ग्लूटेन या मर्यादेत आल्याची खात्री देता येत नाही. उपवासाचे दळण गिरणी झाडून स्वतंत्रपणे करून देणारे गिरणीवाले असतात. त्या दळणाच्या सुरुवातीचे पीठ बाजूला काढून पुढचे घेणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे, पण सिलिअ‍ॅकच्या रुग्णासाठी तोही पुरेसा मानू नये.

खात्रीचा उपाय म्हणजे घरघंटी किंवा घरात पडून असलेले, पण गहू कधीच न दळलेले जाते. घरघंटी नवी घ्यावी, गहू दळलेली जुनी घेऊ नये, आणि घरातील इतरांच्या पोळ्यांसाठी लागणारा गहू तिच्यात एकदाही न घालता तो बाहेरच्या गिरणीतूनच दळून आणावा. धान्य घालण्यापूर्वी ते निवडून त्यातले गव्हाचे दाणे काढावेत, कारण दुकानातील एकाच मापाने सगळी धान्ये मोजली जातात.