उंदीर पडला की घर सोडायचं

तर झालं असं, की शिमगा झाला, शिरोलीच्या बाजूचा ऊस बराचसा तुटला आणि आमच्या अपार्टमेंटमध्ये उंदीर आले. दरवर्षीच येतात. शेत मोकळं झालं की त्यांनी तरी जायचं कुठं? यंदा मात्र त्यांनी लिफ्टच्या मीटरमधल्या वायरी कुरतडल्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंच्या वर्षाच्या गव्हाचं पोतं फोडलं. कडुनिंबाचा पाला घालून, एरंडेल चोळून ठेवलेलं धान्य! टोके, पोरकिडे यांना तो पाला चालतो, उंदराला नाही. त्याला काय, पाला बाजूला सारून गहू खातो.

मग मीटिंग झाली. एमआयडीसीला लागून असलेल्या कुठल्याही सोसायटीत जे होतं तेच आमच्याकडं झालं, म्हणजे पाचव्या मिनिटाला दोषी ठरला. मागच्या बाजूला पत्र्याच्या खोल्या आहेत, तिथं फौंड्रीतले बिहार-ओरिसाकडचे कामगार राहतात, एकेका खोलीत सहा-सात जण. "तिथनंच येत्यात, काय घाण करून ठेवल्यात बघा," असं ठरलं आणि खोल्यांच्या मालकाला 'कामगार हलवा' अशी नोटीस द्यायचं पक्कं झालं. सोसायटीत कॉम्प्युटरवाला मीच, त्यामुळं नोटीस टाईप मी केली. फॉन्टही चांगला निवडला. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण केलं ते केलं.

त्या रात्री जेवताना आजी सहज म्हणाली, "आमच्या सासूबाई सांगायच्या, घरात उंदीर पडला की घर सोडायचं. भांडीकुंडी घ्यायची आणि रानात झोपडी घालून राहायचं." पडला म्हणजे मेला. माझ्या डोक्यात ते अडकलं आणि पुढचे दोन विकांत मी प्लेगवर वाचत बसलो.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली धान्याची वखार. धान्य म्हणजे उंदीर, आणि उंदीर मेले की त्यांच्या अंगावरच्या पिसवा नवं अंग शोधणार, ते अंग म्हणजे माणूस. आज हे शाळेतलं पोरगंही सांगेल. तेव्हा सरकारला हे माहीत नव्हतं. रोग घाणीतून, कोंदट हवेतून, गरिबाच्या अंथरुणातून येतो असाच समज होता. म्हणून फिनेल-कार्बोलिकने घरं धुतली, चुना मारला, जमिनी उकरल्या, गोरगरिबांचं सामान जाळलं. यातला विनोद (विनोद कसला म्हणा) असा, की घर असं ढवळून काढलं की आतला उंदीर पळतो आणि शेजारच्या घरात जातो, पिसवांसकट. निर्जंतुक करायला गेलेले लोक काही वेळा रोगच पुढं ढकलत होते.

4 फेब्रुवारी 1897 ला साथरोगांचा कायदा झाला. हाच कायदा मार्च 2020 मध्ये करोना आल्यावर महाराष्ट्र सरकारने लागू केला होता, आठवत असेल. पुण्यात प्लेग कमिटीचा अध्यक्ष झाला वॉल्टर चार्ल्स रँड. मार्चमध्ये गोरे सोल्जर घराघरांत शिरू लागले. माजघर, देवघर, काही बघितलं नाही. संशयित दिसला की इस्पितळात आणि घरचे लोक सेग्रिगेशन कॅम्पात. पुढचं सगळ्यांना पाठ आहे: 22 जून 1897, गणेशखिंडीचा रस्ता, चापेकर बंधू. रँड 3 जुलैला मेला, आयर्स्ट जागीच गेला होता. शाळेत ही गोष्ट आपण क्रांतिकारकांच्या धड्यात शिकतो, त्यामुळं तिच्यातला उंदीर आपल्या लक्षातच येत नाही. सोल्जर शोधत होते आजारी माणूस. शोधायला हवा होता मेलेला उंदीर.

त्याच मार्चमध्ये, 10 तारखेला, सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. हडपसरजवळ त्यांचा मुलगा डॉ. यशवंत रोग्यांना तपासत होता, तिथं त्या स्वतः रोगी घेऊन येत. मुंढव्याच्या एका पोराला पाठीवर घालून आणलं आणि त्यातच त्यांना लागण झाली. तोच महिना, तेच शहर. एक माणूस घरात शिरतो तो संशयित काढायला, दुसरा शिरतो तो पोराला पाठीवर घ्यायला. कोल्हापूर संस्थानातही प्लेग आला, तेव्हा गादीवर शाहू महाराज होते.

आता माझ्यातल्या इंजिनिअरला सगळ्यात आवडलेला भाग. 1898 च्या जूनमध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने एका मोठ्या काचेच्या बरणीत प्लेग झालेला, पिसवा असलेला उंदीर ठेवला आणि मध्ये जाळी घालून निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा स्पर्श होणार नाही, पिसू मात्र जाईल. आजारी उंदीर मेला, काही दिवसांनी दुसराही मेला. झालं, बग सापडला! पण रिपोर्ट केलेला बग वरचे लोक क्लोज करून टाकतात ना, तसंच झालं. सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने हे म्हणणं उडवून लावलं.

1905 नंतर मुंबईत परळला दुसऱ्या मंडळींनी काम नीट हाती घेतलं. त्यांनी प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग सोडले. पिसवा त्यांच्या अंगावर आल्या आणि ते मेले. मग बारीक जाळीच्या पिंजऱ्यातले गिनीपिग त्याच घरांत ठेवले, ते जगले. काही पिंजऱ्यांभोवती तर चिकट पदार्थाचा पट्टा लावला, कारण पिसू फार लांब उडी मारू शकत नाही, ती तिथं चिकटून राहते. आज आपण दुकानातून उंदराचा चिकटपॅड आणतो (तो प्रकार बघवत नाही, मी परत आणणार नाही), त्याचाच हा पूर्वज. घर तेच, हवा तीच, घाणही तीच, फरक फक्त पिसवेचा! म्हणजे हवा आणि घाण हा मुद्दाच निकालात निघाला.

आणखी एक सापडलं. मुंबईत उंदराच्या दोन जाती होत्या, गटारातला मोठा आणि घरातला काळा. आधी गटारातले मरत, साधारण दहा दिवसांनी घरातले, आणि त्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी माणसं. म्हणजे आजीच्या सासूबाईंकडं पंधरवड्याची आगाऊ सूचना होती. शिक्षण नाही, लॅब नाही, पण उंदीर पडला की बाहेर. आणि मुंबईत साथीचा जोर असायचा तो फेब्रुवारी ते एप्रिल, अगदी शिमगा-पाडव्याच्या सुमाराला. मेच्या उकाड्यात ती आपोआप ओसरायची. कारण 1914 मध्ये कळलं: जंतूंची गुठळी पिसवेचं पोट बंद करते, भुकेली पिसू चावतच सुटते. फार उष्मा झाला की ती गुठळी टिकत नाही.

हे जुनं झालं म्हणावं तर 1994 च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगसारखे रोगी सापडले, पुढच्याच महिन्यात सुरतेत पळापळ झाली. सुरतेत तेव्हाही बोट आधी झोपडपट्टीकडं आणि बाहेरून आलेल्या कामगारांकडं गेलं. लोक तेव्हा ट्रेनला लटकून पळाले. आज आमच्याकडं प्लेग नाही आणि प्लेगवर औषधं आहेत, उगाच घाबरू नका. पण उंदराच्या लघवीतून लेप्टो होतो आणि 2019 च्या महापुरानंतर इथं त्याची भीती सगळ्यांनी अनुभवली.

तर एवढं वाचून मी एका रविवारी बॅटरी घेऊन खाली गेलो. पत्र्याच्या खोल्यांतल्या एका पोराला बरोबर घेतलं, तो मोल्डिंगला आहे. त्याच्या खोलीत धान्य पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट. उंदीर त्यांच्याकडंही होते, आणि त्याचं म्हणणं की ते आमच्या बिल्डिंगमधनं येतात. डक्टमध्ये बघितलं तर बरोबर. आमच्याच ड्रेनेजच्या पाइपभोवती तीन बोटं जाईल एवढं भगदाड, बिल्डिंग झाली तेव्हापासूनचं. त्याच्याखाली आमच्याच कचऱ्याच्या फुटक्या बादल्या. वर एक चिचुंद्री फिरत होती. तिला कुणी मारू नका, ती उंदीर नव्हे आणि झुरळं खाते.

विष घालायचं नाही असं मी ठरवलं. विष खाल्लेला उंदीर डक्टमध्ये कुठंतरी मरणार, आणि वास येईपर्यंत सापडणार नाही. त्या पोरानंच उपाय सांगितला: लेथवर निघणारे स्टीलचे गुंडाळे. बिडाचा नुसता भुसा पडतो, तो उपयोगाचा नाही, स्टीलचे लांब गुंडाळे पाहिजेत. त्यानं शेजारच्या वर्कशॉपमधनं पोतंभर आणले, आम्ही ते हातमोजे घालून भगदाडात कोंबले आणि वरून सिमेंट मारलं. उंदीर लाकूड कुरतडतो, प्लॅस्टिक कुरतडतो, या गुंडाळ्यांच्या नादाला लागत नाही. बाथरूमच्या जाळ्या बदलल्या, बादल्यांना झाकणं आणली. खर्च सगळा मिळून हजाराच्या आत.

नोटीस अजून मालकाला दिलेली नव्हती, फक्त बोर्डावर होती. ती मी काढली. सेक्रेटरी काकांनी विचारलं, कुणाच्या परवानगीनं काढली? म्हटलं, टाईप मीच केली होती. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या मीटिंगचा तो विषय आहे हे नक्की. मीटरच्या वायरी बदलायच्या राहिल्यात आणि त्याच्या वर्गणीवरून वेगळंच भांडण चालू आहे. काकूंचा गहू गेला तो गेला. आता त्यांनी पत्र्याची कोठी घेतली आहे.