जौहरी बाजार : खाली दुकान, वर घर

स्मरणिकेसाठी जयपूरच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असे कार्यकारिणीने सांगितले तेव्हा हवामहल आणि आमेरचा किल्ला मी मुद्दामच बाजूला ठेवला. पाहुणे आले की ते आपण सर्वांनीच पन्नास वेळा दाखवले आहेत. मला लिहायचे आहे ते जौहरी बाजारातल्या दुकानांविषयी आणि त्यांच्या डोक्यावरच्या घरांविषयी.

व्यवसायाने मी ड्राफ्ट्समन. 1984 साली बदली होऊन येथे आलो आणि पहिली तीन वर्षे या बाजारालगत एका दुकानावरच्या दोन खोल्यांत भाड्याने काढली. दोन दुकानांच्या मधून जेमतेम एक माणूस जाईल असा जिना. सकाळी शटर उघडल्याचा खडखडाट हेच आमचे घड्याळ. आमच्या सौ. गच्चीवरून दोरीने टोपली सोडून भाजी घेत, अगदी गिरगावातल्यासारखी!

सवाई जयसिंगांनी 18 नोव्हेंबर 1727 रोजी या शहराचा पाया घातला. आखणीचे काम विद्याधर भट्टाचार्य या बंगाली विद्वानाकडे होते. त्याच दरबारात आपले जगन्नाथ सम्राटही होते. युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीतून संस्कृतात आणली. शहराच्या नऊ चौकड्या कल्पिल्या होत्या, पण वायव्येला नाहरगडचा डोंगर आडवा आला म्हणून एक चौकडी उचलून आग्नेयेला नेली. सूरजपोल ते चांदपोल हा मुख्य रस्ता जमिनीच्या उंचवट्यावरून काढला, म्हणजे पावसाचे पाणी दोन्ही अंगांना उतरून जावे.

पण मला खरी गंमत वाटते ती दुकानांच्या रांगेची. राजाने ठिकठिकाणचे व्यापारी बोलावून जागा दिल्या, मात्र मुख्य बाजाराचे तोंड कसे असावे हे ठरवणे स्वतःकडे ठेवले. रस्त्याकडे एका मापाची, एका उंचीची दुकाने; त्यांच्यावर सपाट गच्ची; आणि राहते घर त्या गच्चीमागे सरकवलेले. आतली हवेली मालकाने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधावी. घराला उजेड आणि वारा मिळे तो आतल्या चौकातून, त्यामुळे बाजाराची धूळ नि गलका दाराशीच थांबे. तीज आणि गणगौरची सवारी निघाली की घरातल्या बायका-मुले याच गच्चीवर बसत. पुण्याच्या वाड्यालाही आत चौक असतो, पण रस्त्याकडची बाजू प्रत्येकाची निराळी.

या नव्या शहराचे कौतुक मराठी फौजेलाही होते. जानेवारी 1751 मध्ये जयाप्पा शिंदे व मल्हारराव होळकर यांचा तळ बाहेर पडला असता आपली हजारो माणसे देवळे पाहायला आणि खरेदीला तटाच्या आत आली. वेशी बंद झाल्या आणि मोठी कत्तल झाली. खंडणीच्या तगाद्याने जयपूर आधीच पिचले होते, महिनाभरापूर्वी राजा ईश्वरीसिंहाने जीव दिला होता, हेही आपणच सांगायला हवे.

गुलाबी रंग बराच नंतरचा, 1876 साली प्रिन्स ऑफ वेल्स येणार म्हणून दिलेला. दुकानांपुढचे सलग व्हरांडे त्याहून नवे. ते 1940 च्या दशकात दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या काळात झाले. पुढे दुकानदारांनी ते सामानाने भरून टाकले आणि 2000 च्या सुमारास ‘ऑपरेशन पिंक’ मोहिमेत मोकळे करावे लागले.

व्हरांड्याची किंमत मला उशिरा कळली. 1996 साली एका संकुलाचे नकाशे मी काढले, खाली दुकाने आणि वर तीन मजले सदनिका. विकता येईल असा एक फूटही सोडायचा नाही, असा मालकाचा हुकूम. मी व्हरांडा खोडला, चौक खोडला, दोघांना मिळून एकच जिना ठेवला. दुकाने पश्चिमेला! पहिल्याच मे महिन्यात दुकानदारांनी निळी ताडपत्री बांधली ती कायमची, आणि जिन्यात खोकी रचली म्हणून वरच्यांची रोज भांडणे. रेषा माझ्याच हाताच्या होत्या.

जुलै 2019 मध्ये तटाच्या आतले जयपूर युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. बाहेरचे तोंड त्यामुळे सांभाळले जाईल, पण गच्चीमागची माणसे कमी होत आहेत. मुले मानसरोवर, मालवीयनगरकडे जातात आणि वरच्या खोल्यांची गोदामे होतात. सांगली, साताऱ्याकडचे आपले गलाई बांधव मात्र सराफ्याच्या गल्ल्यांत अजून पुष्कळदा पेढीजवळच बिऱ्हाड करतात. त्यांच्याकडे चहाला गेलो की जुना जिना चढल्यासारखे वाटते.

गेल्या दिवाळीत आमच्या त्या दोन खोल्या पाहून आलो. आत पुठ्ठ्याची खोकी छताला टेकलेली. टोपलीच्या दोरीचा हूक तेवढा कठड्याला तसाच आहे. विसर्जनानंतर एखाद्या सकाळी, दुकाने उघडण्याआधी, कुणाला मान वर करून हा बाजार पाहायचा असेल तर सांगा, मी बडी चौपडवर येऊन थांबेन.