मानवत
मानवत : महाराष्ट्राच्या परभणी जिल्ह्यातील शहर व त्याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण. परभणीच्या पश्चिमेस सु. 30 किमी., कल्याण–निर्मल राष्ट्रीय महामार्ग क्र. 61 वर. लोकसंख्या 30 हजारांवर (2011).

1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1956 मध्ये मराठवाड्याबरोबर तो मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग शहराला स्पर्श न करता उत्तरेकडून जातो. त्यामुळे स्थानकाचे नाव ‘मानवत रोड’ असे आहे. ते दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येते.

गोदावरी खोऱ्यातील काळी कसदार जमीन आणि जायकवाडी प्रकल्पाचा डावा कालवा यांवर येथील शेती उभी आहे. कापूस, सोयाबीन व तूर ही खरिपाची, तर ज्वारी व हरभरा ही रब्बीची मुख्य पिके. पाण्याची सोय असेल तेथे ऊस होतो. मानवतची ओळख मात्र कापसाची पेठ अशीच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की आसपासच्या गावांतला कापूस बाजार समितीत लिलावाला येतो. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. सरकीचे तेल निघते आणि पेंड जनावरांना जाते.

शहराचा कारभार नगरपरिषद पाहते. लोकांतून निवडलेले नगराध्यक्ष व प्रभागांतले नगरसेवक धोरण ठरवतात, तर शासनाने नेमलेले मुख्याधिकारी प्रशासन सांभाळतात. पाणीपुरवठा, स्वच्छता, दिवाबत्ती, अंतर्गत रस्ते व मालमत्ता कराची वसुली ही नगरपरिषदेची मुख्य कामे. त्यांना महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, 1965 चा आधार आहे. तालुक्यातील खेडी नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर असून त्यांचा कारभार ग्रामपंचायती व पंचायत समितीकडे आहे. विधानसभेसाठी मानवतचा समावेश पाथरी मतदारसंघात होतो.

1972 ते 1974 या काळात येथे महिला व मुलींच्या हत्यांची मालिका घडली. गुप्तधनाच्या लालसेपोटी दिलेले नरबळी म्हणून हे प्रकरण राज्यभर गाजले. पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी त्याचा तपास केला. त्यावर आधारित ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका 2024 मध्ये आली. नरबळी व जादूटोण्याविरुद्धचा स्वतंत्र कायदा राज्यात त्या हत्यांनंतर सुमारे चार दशकांनी, 2013 मध्ये झाला.