टर्बो मोटारी आणि क्लचची बदलती कसोटी

महाराष्ट्रातील मोटार-उद्योगाचा इतिहास बहुधा इंजिनांच्या अंगाने लिहिला जातो; परंतु इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोहोचविणाऱ्या क्लचकडे पाहिले, तर तोच इतिहास अधिक बारकाईने वाचता येतो. क्लच म्हणजे इंजिनाच्या फ्लायव्हीलवर, अर्थात त्याच्या जड फिरत्या चक्रावर, प्रेशर प्लेटने दाबून धरलेली आणि दोन्ही अंगांना घर्षण-अस्तर असलेली तबकडी होय. पेडल दाबताच हा दाब सुटतो आणि इंजिन गिअरबॉक्सपासून अलग होते.

आरंभीच्या मोटारींत चामड्याचे अस्तर लावलेले शंकूच्या आकाराचे क्लच असत. 1897 मध्ये इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड यांनी फेरोडो हा उद्योग उभारून घर्षण-अस्तरांचे स्वतंत्र शास्त्र रुजविले आणि पुढे कोरड्या तबकडीचा क्लच सर्वत्र रूढ झाला. मुंबईत कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन सुमारे 40 अश्वशक्तीचे होते, त्यामुळे तिच्या क्लचवरील भारही बेताचाच असे; झिजलेल्या क्लचप्लेटला नवे लायनिंग रिव्हेटने ठोकून ती पुन्हा वापरात आणण्याची काटकसर त्या काळच्या गॅरेजांना सहज परवडे.

हे गणित टर्बोचार्जरने बदलले. बाहेर पडणाऱ्या धुराच्या वेगावर पंखा फिरवून सिलिंडरांत अधिक हवा कोंबण्याच्या या युक्तीचे पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 मध्ये घेतले होते; महाराष्ट्रात ती पुण्याच्या टाटा सफारीतून (1998) आणि नाशिकच्या महिंद्रा स्कॉर्पिओतून (2002) घरोघरी परिचित झाली. तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला जुळणी होणारी पहिली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 150 अश्वशक्तीची होती, तर रांजणगावहून 2015 मध्ये आलेली अबार्थ पुंटो 145 अश्वशक्ती आणि 212 न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. येथे टॉर्क, म्हणजे फिरविण्याचा जोर, हाच निर्णायक ठरतो, कारण क्लचला अश्वशक्ती नव्हे, टॉर्क पेलावा लागतो आणि टर्बो इंजिन तो कमी फेऱ्यांवरच भरपूर देते.

अशा गाडीचे रीमॅप केले, म्हणजे इंजिनाच्या संगणकातील इंधन व हवेच्या दाबाची गणिते बदलली, तर टॉर्क तिसऱ्या हिश्श्यानेही वाढू शकतो; मग वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबताच इंजिनाच्या फेऱ्या चढतात पण वेग तितका वाढत नाही, यालाच क्लच स्लिप होणे म्हणतात. क्लचची क्षमता घर्षणांक, दाब, तबकडीची सरासरी त्रिज्या आणि घर्षण-पृष्ठांची संख्या यांच्या गुणाकाराइतकी असल्याने उपायही तेवढेच आहेत. प्रेशर प्लेटची अधिक कडक डायफ्राम स्प्रिंग दाब वाढविते, मात्र पेडलही जड करते. धातूच्या भुकटीपासून भट्टीत घडविलेले सिंटर्ड अस्तर उष्णता सोसते, पण हळुवार न पकडता झटक्याने पकडते. दोन तबकड्यांचा क्लच दोनऐवजी चार पृष्ठे देऊन पेडल बरेच सुसह्य ठेवतो, परंतु तो महाग पडतो. हादरे शोषणाऱ्या दुहेरी फ्लायव्हीलऐवजी एकसंध फ्लायव्हील बसविल्यास गिअरबॉक्सचा खडखडाट वाढतो. रोजच्या वापराच्या गाडीत शर्यतीचा सिंटर्ड क्लच बसविणे ही सुधारणा मानता येत नाही. वाढलेल्या टॉर्कला पुरून थोडी क्षमता उरेल, इतकाच दाब वाढविलेला, नेहमीच्या ऑर्गॅनिक अस्तराचा क्लच तेथे योग्य ठरतो.

नागपूरच्या नैर्ऋत्येकडील प्रताप नगरसारख्या वस्तीत हा विचार विशेष लागू पडतो. नागपूरलगतच्या शिवमडक्यापासून सुरू होणारा समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 मध्ये शिर्डीपर्यंत खुला झाला आणि मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा मिळाली, तेव्हापासून शक्तिशाली गाड्यांना मोकळा रस्ता लाभला. तथापि एकसारख्या वेगात पूर्ण जुळलेला क्लच जवळजवळ झिजतच नाही. त्याची खरी झीज 45 अंशांच्या उन्हात, सिग्नलवर हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, सरकणाऱ्या रांगेत होते, आणि जड पेडलाचा भार चालकाच्या डाव्या पायावर पडतो तोही तेथेच.