उच्च शिक्षणाचा सरकारी पैसा : येतो कोठून, जातो कोठे?

विद्यापीठाच्या नव्या इमारतीची कोनशिला बसते, प्रयोगशाळेसाठी कोट्यवधी रुपये मंजूर होतात आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या (आयटीआय) आधुनिकीकरणाची घोषणा होते. या बातम्यांतील आकडे मोठे असले तरी हा सारा पैसा एकाच तिजोरीतून येत नाही आणि एकाच अटीवरही मिळत नाही. काही निधी अनुदान म्हणून मिळतो, काही कर्जाच्या रूपाने. वास्तू आणि यंत्रसामग्री यांवरील एकवेळचा म्हणजे अनावर्ती खर्च आणि वेतन, वीज, देखभाल यांवरील दरवर्षीचा आवर्ती खर्च यांचे मार्ग तर बहुधा वेगळेच असतात. शिक्षण संस्थांपुढील अनेक अडचणींचे मूळ या विभागणीत आहे.

केंद्र आणि राज्य

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्य सूचीतून समवर्ती सूचीत आला. तथापि, राज्य विद्यापीठे व अनुदानित महाविद्यालये यांच्या वेतनाचा मुख्य भार आजही राज्य सरकारवरच आहे. केंद्राचा पैसा प्रामुख्याने केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी, एनआयटी यांसारख्या संस्थांकडे जातो. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळू लागली. अशा संस्थांचा गाडा मुख्यतः विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) उद्घाटन १९५३ मध्ये मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या हस्ते झाले आणि १९५६ च्या कायद्याने त्याला वैधानिक दर्जा मिळाला. या कायद्याच्या कलम २ (एफ) खाली नोंद झाली म्हणजे संस्थेला मान्यता मिळते. मात्र केंद्रीय अनुदानासाठी कलम १२ (बी) खालील पात्रता लागते. राज्यातील अनेक लहान महाविद्यालये या दुसऱ्या पायरीपाशीच अडतात.

केंद्राची मदत मुदतीपुरती असते, याचे ठळक उदाहरण वेतन आयोगाचे आहे. सहाव्या वेतन आयोगानुसार अध्यापकांची वेतनश्रेणी सुधारताना वाढीव भाराचा ८० टक्के वाटा केंद्राने राज्यांना दिला, पण तो १ जानेवारी २००६ ते ३१ मार्च २०१० एवढ्याच काळासाठी. सातव्या आयोगाच्या वेळी हा वाटा ५० टक्क्यांवर आला आणि त्याची मुदत ३१ मार्च २०१९ रोजी संपली. त्यानंतरचा संपूर्ण भार राज्याच्या तिजोरीवर पडला. साहजिकच नवी पदे भरताना राज्यांचा हात आखडतो. रिक्त जागांवर तासिका तत्त्वावरील अध्यापक नेमून वेळ निभावली जाते.

रूसा ते पीएम-उषा

राज्य विद्यापीठांसाठी केंद्राने २०१३ मध्ये ‘राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान’ (रूसा) सुरू केले. २०२३ मध्ये त्याचे नामकरण ‘प्रधानमंत्री उच्चतर शिक्षा अभियान’ (पीएम-उषा) असे झाले आणि २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांसाठी १२,९२६ कोटी रुपयांची तरतूद ठरली. निवडक ३५ विद्यापीठांना प्रत्येकी १०० कोटी रुपये हे त्याचे प्रमुख अंग होय. महाराष्ट्रासारख्या राज्यांत खर्चाची विभागणी केंद्र ६० व राज्य ४० टक्के अशी असते. त्यामुळे केंद्राचा हप्ता आला, तरी राज्याचा वाटा वेळेवर न मिळाल्यास काम रखडते. आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र सादर केल्याशिवाय पुढील रक्कम सुटत नाही.

अनुदानाऐवजी कर्ज

केंद्रीय संस्थांबाबत मात्र धोरणाची दिशा बदलली. २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने ‘उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्था’ (हेफा) स्थापण्यास मान्यता दिली. केंद्र सरकार आणि कॅनरा बँक यांचा हा संयुक्त उपक्रम बाजारातून पैसा उभारतो आणि संस्थांना पायाभूत सुविधांसाठी दहा वर्षांच्या मुदतीने कर्ज देतो. जुन्या तंत्रशिक्षण संस्थांनी मुद्दल स्वतःच्या उत्पन्नातून फेडावे व व्याज सरकारने सोसावे, अशी योजना आहे; २०१४ नंतर सुरू झालेल्या संस्थांसाठी मुद्दलाचा भारही सरकार उचलते. संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नात शुल्काचा वाटा लक्षणीय असतो. त्यामुळे कर्जफेडीचा ताण अखेर विद्यार्थ्यांवर येईल, हा या पद्धतीवरील मुख्य आक्षेप आहे.

आयटीआयची कार्यशाळा

कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे. अभ्यासक्रम व प्रमाणपत्रे यांचे धोरण केंद्राकडे, तर शासकीय संस्था चालविण्याची जबाबदारी राज्यांकडे आहे. २००७-०८ पासून देशातील १,३९६ शासकीय आयटीआयसाठी खासगी भागीदारीची योजना राबविण्यात आली. तीत उद्योजकांच्या अध्यक्षतेखालील संस्था व्यवस्थापन समितीस अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळाले.

मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने याहून पुष्कळ मोठी, ६०,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. यात केंद्राचे ३०,०००, राज्यांचे २०,००० आणि उद्योगांचे १०,००० कोटी अपेक्षित असून १,००० शासकीय आयटीआयचा दर्जा उंचावण्याचे उद्दिष्ट आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘पीएम-सेतू’ या नावाने तिचा प्रारंभ झाला. नवी सीएनसी यंत्रे त्यातून येऊ शकतील. पण वेल्डिंग शिकणाऱ्या मुलाला रोज रॉड आणि लोखंडी पट्ट्या लागतात, तसेच ते यंत्र शिकविणारा शिल्प निदेशकही लागतो. हा खर्च एकदाच करून संपणारा नाही.

संशोधनाची साधने

२०२०-२१ मध्ये संशोधन व विकासावरील देशाचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. विद्यापीठांच्या विज्ञान विभागांना उपकरणांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘फिस्ट’ योजना २००० सालापासून आधार देत आली. २०२३ च्या कायद्याने ‘अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान’ स्थापन झाले. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभारण्याचा त्याचा संकल्प असला, तरी त्यातील ३६,००० कोटी प्रामुख्याने खासगी स्रोतांतून यावयाचे आहेत.

मोठ्या प्रकल्पांना मंत्रिमंडळ स्वतंत्रपणे मंजुरी देते. हिंगोली जिल्ह्यातील ‘लायगो-इंडिया’ या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेसाठी एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर झाले. शोधपत्रिकांच्या वर्गणीचा भार कमी करण्यासाठी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही ६,००० कोटींची योजना जानेवारी २०२५ पासून अमलात आली. तिचा लाभ राज्यांच्या संस्थांनाही मिळतो.

खरी मेख

कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्चाची शिफारस केली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तेच उद्दिष्ट पुन्हा मांडले. एकूण रक्कम वाढणे आवश्यक आहेच. परंतु ती कोणत्या शीर्षाखाली वाढते, यालाही तितकेच महत्त्व आहे. महागड्या उपकरणाचा वार्षिक देखभाल करार आणि ते हाताळणारा तंत्रज्ञ यांची तरतूद नसेल, तर हमीची मुदत संपताच ते झाकून ठेवण्याची वेळ येते. त्यामुळे निधीची घोषणा झाली की त्यात राज्याचा वाटा किती, अनुदान किती व कर्ज किती आणि पहिल्या वर्षानंतरचा खर्च कोण सोसणार, हे तपासणे अगत्याचे ठरते. यांतील शेवटचे उत्तर योजनेच्या घोषणापत्रात क्वचितच असते. ते राज्याच्या पुढील अर्थसंकल्पातच शोधावे लागते.